वय झालं म्हणून

महाराष्ट्र शासनाच्या लेखी बहीण 65व्या वर्षी संपते. 2024च्या जूनअखेर 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली तेव्हा वयाची वरची मर्यादा 60 होती. काही दिवसांतच ती 65 झाली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलं की महिना 1500 रुपये. पासष्टी ओलांडलेल्या बाईने मग जायचं श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेकडे. रक्कम तिथेही 1500च, पण उत्पन्नाची अट एकदम वर्षाला 21 हजारांवर येते. हिशेब करून पाहावा. 2025च्या एप्रिलपासून राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये झाली. घरातल्या एकट्या माणसाने वर्षात 68 दिवस माती उपसली की ते घर 21 हजारांच्या वर जातं आणि म्हातारीचा हक्क कागदावर तरी बुडतो. रोजगार हमीचा तेव्हाचा कायदा मात्र 100 दिवसांचं काम देण्याचं वचन देत होता. दोन्ही कागद सरकारचेच.

पासष्टीच्या आदल्या दिवशी जे घर अडीच लाखांपर्यंत गरजू मानलं जात होतं, त्याला दुसऱ्या दिवसापासून 21 हजारांची फूटपट्टी लागते. बाई तीच, चूल तीच. ही अट पाळायची म्हणून गावोगाव उत्पन्नाच्या दाखल्यावर सोयीचा आकडा पडतो. तो पडावा म्हणून कुणाच्या तरी मागे फिरावं लागतं, आणि जिच्यासाठी फिरायला माणूस नाही ती राहते. म्हणजे जी खरी एकटी, तिलाच एकटीसाठी काढलेली योजना सगळ्यात अवघड.

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या सेतू केंद्रांच्या पायऱ्यांवर या बाया दिसतात. हातात प्लास्टिकची पिशवी, तीत रेशनकार्ड, आधार, पासबुक, हयातीचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, असला तर. आधारवर जन्मतारीख बहुतेकींची 1 जानेवारी, आणि साल कुणीतरी चेहरा बघून अंदाजाने घातलेलं. त्या अंदाजात पाच वर्षं कमी पडली तर पाच वर्षं निवृत्तिवेतन नाही. शिवाय अंगठा. वीटभट्टीवर, शेतात, सरपणाच्या मोळीवर घासलेला अंगठा रेशनच्या यंत्रावर उमटत नाही. यंत्र दोनतीनदा नाही म्हणतं, मागच्या रांगेतून आवाज येतो, 'आजी, घरातलं दुसरं कुणी पाठवा ना.' दुसरं कुणी असतं तर ती आली नसती, हे कुणाच्या लक्षात येत नाही. आजी हसते आणि बाजूला होते.

या लेखाचा विषय ते बाजूला होणं हा आहे. गरीब, म्हाताऱ्या बाईकडे आपण कसं बघतो आणि त्या बघण्याचा तिच्या मनावर काय परिणाम होतो, हे शोधायला कर्जत-खालापूरसारखी जागा नाही. मुंबई-पुण्याच्या मधोमध, लोकलने जाता येण्याजोगी, आणि तरीही डोंगरातल्या वाडीपर्यंत रस्ता नसलेली. इथे एकाच वाक्यात सगळे प्रश्न मिटवले जातात. झोप लागत नाही? वय झालं. जेवण जात नाही? वय झालं. कोपऱ्यात बसून रडते? वय झालं. मुलगा म्हणतो, सून म्हणते, दवाखान्यात म्हणतात, कचेरीत म्हणतात. शेवटी तीही म्हणू लागते, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

या दोन तालुक्यांत बायकांचं म्हातारपण एकसारखं नाही. उल्हास आणि पेज नद्यांच्या काठची कुणबी, मराठा, आगरी गावं वेगळी. भीमाशंकरच्या आणि माथेरानच्या डोंगरउतारांवरच्या ठाकरवाड्या वेगळ्या. गावाच्या टोकाला, बहुतेकदा दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या कातकरीवाड्या तर अगदीच वेगळ्या. पण एक गोष्ट सगळीकडे होती. पन्नाशी उलटलेल्या बाईला काही तरी असं येत असे जे घरातल्या दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

पावसाच्या तोंडावर शेवळं कुठे फुटतात, ती खाजू नयेत म्हणून बरोबर काकडाची फळं कुठून आणायची, भारंगी कधी कोवळी, कंटोळीचा वेल कुठल्या बांधावर, लोतीचा कोंब किती उकळायचा, हे तिला ठाऊक. मेमध्ये करवंदं-जांभळं, जूनमध्ये शेवळं, मग टाकळा, कुरडू, कवळा, बांबूचे कोंब. डोक्यावर टोपली घेऊन ठाकर बाया पिढ्यान्‌पिढ्या नेरळ-कर्जतच्या स्टेशनबाहेर बसत आल्या, माथेरानच्या पायवाटा चढत आल्या. बाळंतपणाला सुईण म्हणून तिलाच बोलावणं. आगरी लग्नात धवले म्हणणारी धवलारीण हीच. ती तोंडपाठ म्हणत असे ते दुसऱ्या कुणाला येत नसे, म्हणून मांडवात तिला मान. वरी-नाचणीचं बियाणं राखेत घोळवून मडक्यात कोण ठेवायचं? तीच. सून कितीही कर्तबगार असली तरी पेरणीच्या आधी तिला सासूकडे यावं लागे.

मग एकेक गोष्ट गेली. बाळंतपणं दवाखान्यात गेली. 2005च्या जननी सुरक्षा योजनेनंतर ती झपाट्याने गेली आणि ते चांगलंच झालं, त्यात किती बायामुलांचे जीव वाचले. पण सुईणीचं काम काढून घेताना तिच्या हातात दुसरं काही दिलं नाही. आशाताई नेमल्या त्या तरुण, शिकलेल्या. धवलारणीच्या जागी डीजे आला. बियाण्याच्या पिशव्या दुकानात आल्या. जंगलाच्या वाटेवर तारेचं कुंपण आलं.

कुंपणाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. 2002मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, तो खालापूर तालुक्यातून जातो. त्याच्या आगेमागे दोन्ही तालुक्यांत फार्महाऊसची लाट आली. आधी गुंठ्यांत, मग एकरांत जमिनी गेल्या. सातबारावर नावं आईची, विधवा चुलतीची, लग्न होऊन गेलेल्या बहिणींची. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने 1994मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा दिला, देशाने तो 2005मध्ये दिला. कायद्याने जे हातात आलं ते हक्कसोडपत्राने परत गेलं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जीपमधून म्हाताऱ्या बायका आणायच्या, अंगठा घ्यायचा, भज्यांची प्लेट आणि एक साडी. आदिवासी बाईची गोष्ट आणखी निराळी. हिंदू वारसा कायद्याचं कलम 2(2) सांगतं की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही. म्हणजे ठाकर विधवेची जमीन रूढीवर आणि दिरांच्या मनावर. जुलै 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आदिवासी कुटुंबाच्या खटल्यात स्त्रियांना समान वाटा दिला खरा. तो निकाल वाडीपर्यंत कोण नेणार, हा पुढचा प्रश्न.

जमीन गेली की पैसा येतो. घर सिमेंटचं होतं, मोटारसायकल येते. पण म्हातारीचा दिवस जागच्या जागी थांबतो. गोठा नाही, खळं नाही, परसात भाजी लावायला परस नाही. काही घरांत तर मुलगा-सून त्याच जमिनीवर फार्महाऊसचे राखणदार आणि म्हातारी फाटकाशी बसलेली. शनिवारी मालक आले की तिने आत, मागच्या खोलीत जायचं. हे मी कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. जमीन विकणाऱ्याला गरज होती आणि घेणाऱ्याने रीतसर पैसे मोजले. फक्त व्यवहाराच्या कुठल्याच कागदावर या बाईच्या दिवसाची किंमत लिहिलेली नव्हती.

कातकऱ्यांकडे तर विकायलाही काही नव्हतं. खैराचा कात काढणारी ही जमात. जंगल सरकारजमा झालं तसा तो धंदा बुडाला, मग कोळसा, मग वीटभट्टी. केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती विशेष दुर्बल म्हणून नोंदल्या आहेत त्यांतली ही एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. दिवाळीच्या सुमाराला मुकादम येतो, उचल देतो, आणि कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर निघतं ते पावसाच्या तोंडावर परततं. म्हातारीचं काय करायचं हे दर वर्षी नव्याने ठरतं. अंगात बळ असलं तर तिला बरोबर न्यायचं, भट्टीवर नातवंडं सांभाळायला. नसलं तर वाडीत ठेवायचं, चार म्हाताऱ्या आणि दोन कुत्र्यांच्या सोबतीला, रेशनच्या तांदळावर. उन्हाळ्यात झरा आटला की हंडा घेऊन खालच्या गावात. जिच्या तालुक्यात पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो तिला मेमध्ये दोन हंडे पाण्यासाठी कुणाच्या तरी विहिरीवर उभं राहावं लागतं, आणि गावातली बाई 'आधी आमचं होऊ दे' म्हणते तेव्हा थांबावं लागतं.

कातकरीवाड्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती बहुतेकदा खाजगी मालकाची. तीस-चाळीस वर्षं कुणी काही बोललं नाही, कारण ओसाड तुकडा होता आणि वाडीतले हात स्वस्तात मिळत होते. जमिनीला भाव आला तसं बोलणं सुरू झालं. राजीव खेडकर आणि डॅनियल बकल्स यांनी रायगड जिल्ह्यातल्या कातकऱ्यांबरोबर याच प्रश्नावर काम केलं, त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 2013मध्ये आलं. नोव्हेंबर 2023मध्ये 'पीएम जनमन' योजना सुरू झाली आणि विशेष दुर्बल जमातींच्या घरकुलासाठी दोन लाख रुपये मंजूर झाले. पण घरकुलाला पायाखालची जागा आपली लागते. म्हातारी माणसं या टांगणीवर झोपतात. जागा गेली तर तरुण माणूस उठून दुसरीकडे पाल ठोकेल. जिने इथे नवरा पुरला, मुलं पुरली, तिने कुठे जायचं?

आणि निवृत्तिवेतन? त्याला पासष्टी गाठायला हवी. भट्टीवरचं शरीर पंचेचाळिशी-पन्नाशीतच थकतं. कातकरीवाडीत पासष्टी ओलांडलेल्या बाया मुळात मोजक्या.  विटा वाहणाऱ्या बाईला पासष्टीची अट लावणं म्हणजे न देण्याचीच सोय. माझं मत स्पष्ट आहे: विशेष दुर्बल जमातींसाठी ही वयोमर्यादा 50 हवी.

मनाचं दुखणं या भागात मनाचं म्हणून कुणी सांगत नाही. छातीत धडधडतं, डोकं भणभणतं, अंगाची आग होते, पायाला मुंग्या येतात, अन्न गोड लागत नाही, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, जीव घाबरतो. खाजगी डॉक्टरकडे गेल्यावर ताकदीची सुई, फार झालं तर सलाईन. बाईही सलाईनच मागते, कारण सलाईन लावलं की तासभर आडवं पडायला मिळतं आणि कुणीतरी शेजारी बसतं. भगताकडे गेली तर तो निदान विचारतो की घरात काय झालं, कुणाशी भांडण झालं, कोण गेलं. मी अंधश्रद्धेची वकिली करत नाही. पण डॉक्टर दोन मिनिटं देतो आणि भगत दोन तास देतो, तेव्हा बाई कुठे जाईल हे सांगायला मानसशास्त्र शिकावं लागत नाही.

देशात 45 वर्षांवरच्या माणसांची सर्वांत मोठी पाहणी 2017-18मध्ये झाली. तिचा अहवाल 2021च्या जानेवारीत आला. साठीपुढच्या माणसांना प्रश्न विचारून, लक्षणं तपासून पाहिलं तेव्हा 8.3 टक्क्यांना नैराश्य असावं असं दिसलं. आणि 'डॉक्टरांनी तुम्हाला नैराश्य असल्याचं सांगितलंय का' असं विचारलं तेव्हा हो म्हणणारे निघाले 0.8 टक्के. दहातल्या नऊंच्या दुखण्याला नावच मिळालेलं नाही. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त, आणि जोडीदार गेलेल्यांत आणखी जास्त. 2011च्या जनगणनेत साठीपुढच्या बायकांपैकी निम्म्याच्या आसपास विधवा होत्या. पुरुषांत विधुर त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. नवरा वयाने मोठा, दारू, अपघात, आणि विधुराचं पुन्हा लग्न, अशी त्याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत.

वृद्धांमधलं नैराश्य मोजायला जगभर 15 प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरतात. तिचा मूळ आराखडा 1980च्या दशकात अमेरिकेत झाला. तीत एक प्रश्न असा की तुम्ही तुमचे छंद, आवडीचे उद्योग सोडून दिलेत का. दुसरा असा की नवीन काही करण्यापेक्षा घरातच बसावंसं वाटतं का. कुडाच्या घरातल्या बाईला हे विचारून बघावं. छंद कसला? आणि घरात बसायला मिळालं तर देवच पावला! साधन वाईट नाही, तज्ज्ञांनी ते देशोदेशी तपासलेलं आहे. पण कोष्टकात खूण करणारा माणूस वाडीतला नसेल तर उत्तर हसण्यावारी जातं आणि बाई निरोगी ठरते.

उपचार कुठे आहेत? कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं ठाणं अलिबागला, आणि डोंगराकाठच्या तालुक्यांना समुद्राकाठचं अलिबाग मुंबईपेक्षा लांब वाटतं. 75 पूर्ण झालेल्यांना 2022च्या ऑगस्टपासून एसटीचा प्रवास फुकट आहे, बायकांना 2023च्या मार्चपासून अर्धं तिकीट. योजना चांगली. पण एसटी जिथे येते तिथपर्यंत वाडीतून खाली उतरायचं कसं, हे त्या तिकिटावर लिहिलेलं नसतं.

म्हाताऱ्या बाईकडे बघण्याच्या नजरेत नुसती उपेक्षा नाही, भीतीही आहे. मूल दगावलं, म्हैस आटली, कुणाचं दुखणं बरं होत नाही, की बोट एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे जातं. ठाणे-पालघर-रायगडच्या पट्ट्यात भुताळी म्हणून बायकांना वाळीत टाकल्याच्या, मारल्याच्या घटना झाल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर चारच दिवसांत, ऑगस्ट 2013मध्ये, जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. कुणावर करणी-भुताळीपणाचा आरोप करून छळणं आता गुन्हा आहे. कायद्याच्या धाकाने उघड मारहाण कमी होते, कुजबुज राहतेच. तिच्या हातचं मुलाला खायला देऊ नये, सकाळी तिचं तोंड बघू नये. वाडीत चाळीस घरं असतील आणि त्यांतली एकोणचाळीस बोलत नसतील, तर कुणाचं मन शाबूत राहील?

गावांतल्या विधवांची गत निराळी. ठाकर-कातकऱ्यांत नवरा गेलेल्या बाईला पाट लावायची वाट पूर्वीपासून आहे. ज्यांना आपण मागास म्हणतो त्यांनी हे शहाणपण आधीच दाखवलं. गावकुसाच्या आतल्या जातींत मात्र हळदीकुंकवाला बोलावणं बंद, लग्नात मागे उभं राहायचं, ओटी भरायची नाही. 4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. दोन आठवड्यांच्या आत शासनाने तो आदर्श म्हणून सर्व ग्रामपंचायतींना कळवला. ठराव करणं सोपं. पण सत्तरीच्या बाईच्या मनात पन्नास वर्षं जे भिनलंय ते ग्रामसभेच्या इतिवृत्ताने निघत नाही. तिला बोलावलं तरी ती स्वतःच मागे सरते, 'माझं कशाला, शुभकार्य आहे.' बाहेरची नजर आत मुरली की असं होतं.

ही मुरलेली नजर आयुष्य कमी करते याचा पुरावाही आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांनी ओहायो राज्यातल्या एका गावातल्या 660 माणसांचा अभ्यास 2002मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या म्हातारपणाविषयी ज्यांचं मत चांगलं होतं ती माणसं, वाईट मत असणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली. ओहायोचं गणित इथे जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण 'वय झालं, आता काय' हे रोज ऐकणं म्हणजे नुसतं बोलणं नसतं, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

19 जुलै 2023ची रात्र खालापूर तालुका विसरणार नाही. इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. ठाकरांची वाडी, वर जायला फक्त पायवाट. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण बेपत्ता घोषित झाले आणि चार दिवसांनी शोध थांबला. वाचलेल्या कुटुंबांना चौकजवळ कंटेनरमध्ये ठेवलं गेलं. ज्या मुलांचे आईबाप गेले त्यांचं पालकत्व घेण्याच्या घोषणा झाल्या, आणि व्हायलाच हव्या होत्या. ज्या आयांची मुलं गेली त्यांचं पालकत्व घ्यावं, हे आपल्याला सुचतसुद्धा नाही. लहान मुलासमोर आयुष्य असतं म्हणून त्याचं दुःख आपल्याला दिसतं. म्हातारीचं संपत आलेलं असतं म्हणून तिचं दुःखही संपत आलंय असं आपण धरून चालतो. खरं तर डोंगर, घर, गोठा, भाताचा तुकडा, शेजारीण आणि मुलगा एका रात्रीत गेलेल्या साठीच्या बाईला पुन्हा उभं राहायला विशीतल्या माणसापेक्षा जास्त आधार लागतो. भरपाईचे पाच लाख वारसाच्या खात्यात जमा होतात. खाडकन दार वाजलं की दचकून उठणाऱ्या बाईसाठी त्यात काही नसतं.

मनाने पार कोसळलेल्या, रस्त्यावर आलेल्या माणसांसाठी या देशातलं एक मोलाचं काम नेमकं कर्जत तालुक्यातच चालतं, हा योगायोगच. वेणगावला श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याने 1988मध्ये मुंबईत काम सुरू केलं. नारळाच्या करवंटीने गटाराचं पाणी पिणारा एक तरुण त्यांनी रस्त्यावर पाहिला. बरा झाल्यावर कळलं की तो पदवीधर आहे. त्यातून पुढचं सगळं उभं राहिलं. कर्जतचं केंद्र 2006पासूनचं. 2018मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा सात हजारांवर माणसं बरी होऊन घरी पोचली होती. रीत साधी आहे: आंघोळ, जेवण, औषध, आणि वाट पाहणं. औषध लागू पडलं की माणूस एखादं नाव उच्चारतो, गावाचं, नदीचं, मुलाचं. त्या धाग्यावरून कार्यकर्ते त्याला आगगाडीने, बसने, पायी, बिहार-बंगालपर्यंत नेऊन सोडतात.

त्यात म्हाताऱ्या बायकाही असतात. हरवलेला मुलगा परत आला तर घर रडतं, गाव जमतं. हरवलेली म्हातारी परतली तर खोली कुणाची, जेवण कुणाकडे, हे प्रश्न उंबऱ्यावरच उभे राहतात. 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा कलम 19मध्ये सांगतो की केवळ घर नाही किंवा घरचे घेत नाहीत म्हणून कुणाला रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, त्याला समाजात राहण्याचा हक्क आहे. पण समाज म्हणजे शेवटी ती खोली आणि ते जेवण.

त्याच तालुक्यात, नेरळला, डिग्निटी फाउंडेशनने उभारलेलं ज्येष्ठांचं संकुल आहे. स्मृतिभ्रंश झालेल्यांची काळजी घेण्याची सोयही तिथे आहे. असं काम व्हायलाच हवं, आणि पैसे मोजू शकणाऱ्या मुंबईकराला चांगलं म्हातारपण मिळत असेल तर त्याचा हेवा करण्याचं कारण नाही. फक्त नकाशा बघावा. कर्जत-नेरळची हवा, झाडं, शांतता म्हातारपणाला चांगली म्हणून लोक लांबून इथे राहायला येतात. याच हवेत जन्मलेल्या ठाकर म्हातारीला विसरभोळेपणा सुरू झाला, रानात गेली आणि वाट चुकली, तर तिला 'चळ लागला' म्हणतात आणि दाराला बाहेरून कडी घालून भट्टीवर जातात. घालणारेही निर्दय नसतात. मजुरी बुडाली तर चूल पेटत नाही.

तर मग करायचं काय? मानसोपचारतज्ज्ञ वाडीवाडीवर येणार नाहीत, आणि त्यांची वाट बघायची गरजही नाही. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने 2006पासून हरारेच्या दवाखान्यांबाहेर लाकडी बाकं टाकली आणि त्यांवर बसवल्या आज्या. वस्तीतल्याच, जेमतेम शिकलेल्या. त्यांना थोडं प्रशिक्षण दिलं: ऐकायचं कसं, एका वेळी एकच अडचण धरून तिच्यातून वाट कशी काढायची. 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं की नेहमीच्या उपचारापेक्षा आजीच्या बाकावर बसलेल्यांचं नैराश्य कितीतरी जास्त उतरलं. आपल्या शेजारी गोव्यात साठीपुढच्या 181 जणांवर असाच प्रयोग झाला. सौम्य लक्षणं असलेल्यांना डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी झोप, दुखणीखुपणी, अडचणी, सरकारी मदत यांवर आधार दिला. वर्षभरात पुरतं नैराश्य आलं ते 4.4 टक्क्यांना. ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्या गटात 14.4 टक्क्यांना. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत 2013 ते 2015 या काळात 'आत्मीयता' नावाने हेच काम गावातल्या माणसांकरवी झालं.

गोव्यातल्या प्रयोगाची मला विशेष वाटलेली बाब म्हणजे सरकारी मदत मिळवून देणं हा तिथे उपचाराचाच भाग होता. बाईला निवृत्तिवेतन मिळवून दिलं की तिची झोप सुधारते, यात आश्चर्य ते काय! महिन्याचे 1500 रुपये तिच्या स्वतःच्या खात्यात आले की नातवाच्या हातावर दहाची नोट ठेवता येते, औषधासाठी सुनेकडे बघावं लागत नाही. त्यावर हात मारणारा दारूडा मुलगा असतोच काही घरांत. पण पैसाच आला नाही तर ती भांडायची तरी कशावर? केंद्र सरकारचा या रकमेतला वाटा 60 ते 79 वयाला महिना 200 रुपये आहे आणि दहा वर्षांहून अधिक काळ तो तेवढाच आहे. बाकीचा भार राज्य उचलतं.

कर्जतला हे स्वतःच्या हिमतीवर करता येईल असं म्हणायला इतिहासाचा आधार आहे. माथेरानला जन्मलेले भाई कोतवाल सावकारीला तोंड द्यायला शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढत होते. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. पुढे कशेळे इथल्या अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने याच तालुक्यातल्या आदिवासी वाड्यांत धान्य बँका चालवल्या, म्हणजे पावसाळ्यात खावटीसाठी सावकाराच्या दारात जावं लागू नये. भाताचा हिशेब ज्या वाड्यांना सांभाळता आला त्यांना म्हाताऱ्यांची विचारपूसही सांभाळता येईल. प्रत्येक वाडीत एक जुनी सुईण शोधावी, तिला आशाताईच्या जोडीला बसवावं, मानधन द्यावं. घराघरांत जाऊन ऐकण्याचं काम तिने जन्मभर केलंय. फक्त त्याला कुणी काम म्हटलं नाही.

सरकारकडे मागण्या तीनच. 21 हजारांची अट रद्द करून लाडक्या बहिणीचीच अडीच लाखांची मर्यादा पासष्टीनंतरही चालू ठेवा. विशेष दुर्बल जमातींना निवृत्तिवेतन 50व्या वर्षी द्या. आणि अंगठा उमटत नसलेल्या माणसाला दारातून परत पाठवणं बंद करा.

वाचकांशी दोन शब्द. तुमच्यापैकी पुष्कळांचं कर्जत-खालापुरात घर असेल, नाहीतर जागा बघणं चालू असेल. दस्ताच्या दिवशी हक्कसोडावर अंगठा द्यायला आणलेल्या बाईला, मुलं आणि दलाल बाजूला ठेवून, एकदा विचारा की हे तिला समजलंय का आणि तिचा वाटा तिला मिळालाय का. उत्तर नाही असं आलं तर त्या दिवशी सही करू नका. ज्या आईला मुलं सांभाळत नाहीत तिला आईवडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहासाठीच्या 2007च्या कायद्याखाली कर्जतच्या प्रांत कार्यालयात निर्वाहासाठी अर्ज करता येतो. त्याला वकील लागत नाही, अर्ज लिहून देणारं माणूस लागतं. ज्येष्ठांसाठी मदतवाहिनी आहे 14567, मनाच्या दुखण्यासाठी 14416. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हीकडे मराठीत बोलता येतं. तुमच्या फाटकाशी बसणाऱ्या आजीकडे फोन नसेल. तुमच्याकडे आहे, तो लावून तिच्या हातात द्या.